विलंबाचा तपशील

कोर्ट नाक्यावर, झेरॉक्सवाल्याच्या आडोशाला माझं टेबल.
घटस्फोट, भाडेकरार, नावात बदल
आणि उशीर.
उशिराचा साचा माझ्याकडे तयारच असतो:
'अर्जदार आजारी असल्याकारणाने...'
फक्त नाव आणि दिवस बदलायचे.

आज तांडेल वकीलबाईंनी एकीला आणून बसवलं.
आता कौशाची, मूळची गझनीची.
शर्टांना काजं करते, नगावर.
नाव नेकबख्त.
मी दोनदा विचारलं,
दुसऱ्यांदा तिनं हसून अर्थ सांगितला:
नशीबवान.

दिल्लीहून पत्र आलेलं. तुमची हकीकत पटत नाही.
दाद मागायला तीस दिवस होते,
आज एकशे चौदावा.
आता हायकोर्टात जायचं तर, बाई म्हणाल्या,
एकेका दिवसाचा हिशेब लागतो.
आणि गेल्या खाली, स्टॅम्पपेपर आणायला.

पत्र आलं तेव्हा वाचलं शेजारच्या अरमाननं,
इयत्ता चौथी.
जमलं तेवढं वाचलं त्यानं:
तिचं नाव, तिच्या बापाचं नाव, तारीख.
म्हणाला, खाला, सगळं बरोबर लिहिलंय.
सगळं बरोबर!
तिनं पाव किलो बत्तासे आणले, अख्ख्या मजल्यावर वाटले,
पत्र पिशवीत घालून पिठाच्या डब्याखाली ठेवलं.
एक्केचाळीस दिवस.
मी टाइप केलं: 'या काळात अर्जदार सुखात होती.'
बाई परत आल्या, खोडलं. अज्ञान लिहा, म्हणाल्या.
लिहिलं.

सव्वीस दिवस फी जमवण्यात.
नऊ एका वकिलाच्या कपाटात, कुलपाआड.
सतरा टायफॉइडचे. कळव्याचा केसपेपर आहे.
(मला बरं वाटलं, साचा कुठेतरी बसला.)

उरले एकवीस.
या दिवसांत काय केलंत?
ती विचार करत राहिली. बाजूला झेरॉक्सचा उजेड
कुणाच्यातरी सातबाऱ्यावरून सरकत होता.
काही नाही, म्हणाली.
पत्र काढायचे, परत ठेवायचे.
अरमाननं 'नॉट' ओळखायला शिकवलं.
चार ठिकाणी आहे.

मी म्हटलं, हे चालत नाही ताई,
ताप वाढवू का एकवीस दिवसांनी?
तिनं माझ्याकडे नाही, कीबोर्डकडे पाहिलं.
तिथं मी खरं सांगितलं, ते पटलं नाही.
इथं खोटं पटलं
तर मग माझं काय राहिलं?

कर्सर लुकलुकत होता.
या टेबलावर मी किती जणांना आजारी पाडलं असेल,
त्याची कुठे नोंद नाही.

'सदर एकवीस दिवस अर्जदार
पत्र पाहत होती.'

प्रिंट काढली. कागद अजून कोमट आहे.
तांडेलबाई उभ्यानं वाचतायत,
पेन हातात आहे,
टोपण काढलेलं नाही.