टोकन सत्तावीस

वेंगुर्ल्याच्या जेटीवर, पिवळ्या छत्रीखाली, माझं टेबल.
बोट कौटुंबिक आहे असं तिकिटावर छापलंय,
त्याखाली बारीक अक्षरात नियम नऊ:
बाहेरचं मद्य आणू नये.
आणल्यास जमा करावं, टोकन घ्यावं,
उतरताना परत न्यावं.
लग्नाच्या वाढदिवसाला वाइनची एक बाटली चालते,
सीलबंद; बूच उघडायचे पाचशे.
बिअर चालत नाही. का, ते मलाही माहीत नाही.

मी बाटल्या ओळखतो.
थर्मासातली, भोक पाडून भरलेल्या शहाळ्यातली,
ग्राइप वॉटरच्या बाटलीतली
(बाळ सोबत नव्हतं),
कोकम सरबत म्हणून आलेली,
रंग कोकमाचा, वास हुर्राकचा.
हे नाक कुठे तयार झालं, विचारू नका.

परवा पिंपरीचे एक गृहस्थ
तीनदा म्हणाले, काही नाही हो, कपडेच आहेत.
बायको समुद्राकडे बघत राहिली,
जणू तिथे काही लिहिलंय आणि ते तिला वाचायचंय.
मुलगी म्हणाली, काका, निळ्या बॅगेत बघितलंत?
टोकन एकोणीस.
लेबलवर 'फक्त गोव्यात विक्रीसाठी'.
संध्याकाळी परत न्यायला बायको आली,
बाटली तिने पदराखाली नाही,
उघडी हातात धरून नेली, जेटीभर.

शनिवारी साडेचारच्या फेरीला
रांगेत शेवटी बुधाजी केळुसकर.
धुतलेला सदरा, गळ्यात तुळशीची माळ,
हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली क्वार्टर.
लपवलेली नाही. टेबलावर ठेवली,
जशी दवाखान्यात रिपोर्टची फाइल ठेवतात.

आजोबा, नियम आहे.
"ही माजी न्हय. मी माळकरी."
मग कुणाची?
त्यांनी हनुवटीने बाहेर दाखवलं,
दीपगृहाच्या पलीकडे, खडपांकडे.
"तेका देवची आसा. दरवर्सा देतंय.
आदी होडयेन जाय होतंय,
औंदा होडी इकलंय.
म्हणान तिकीट काडलंय."
साडेसहाशेचं तिकीट. माणशी. सूर्यास्तासहित.

रजिस्टरात रकाने पाच.
नाव विचारलं, तर म्हणाले, माजा घालू नको.
मी पेन थोडा वेळ हवेत धरला,
मग लिहिलं: खडपातला.
टोकन सत्तावीस.

बोटीवर अंताक्षरी चालू होती,
अक्षर ठ, सगळे अडलेले.
खडपांजवळ रुझारियोने इंजिन हळू केलं.
तिथे थांबा नाही.
मी त्याच्याकडे बघितलं,
तो घड्याळाकडे बघत होता,
जे चार महिने बंद आहे.

पेटीतून सत्तावीस मी काढली.
सील मीच तोडलं,
प्रवाशाने तोडू नये असं नियमात आहे,
कर्मचाऱ्याचं काही लिहिलेलं नाही.
बुधाजीने टोपी काढली, ओठ हलवले,
एकदाच ओतली नाही,
थांबून थांबून,
समोरच्याचा घोट संपायची वाट बघावी तशी.
पाठोपाठ एक पाव, एक विडी.
एका पोराने विचारलं, मासे विडी ओढतात?
त्याच्या आईने त्याला मागे ओढलं आणि
कोणाला दिसणार नाही असा नमस्कार केला.

मग खिशातलं टोकनही त्यांनी पाण्यात सोडलं.
आजोबा, ते आमचं!
"ज्येचा त्येका," म्हणाले, नि जाऊन
खुर्चीवर बसले, वडापाव घेतला,
वडा खाल्ला, पाव रुमालात बांधला.

रात्री हिशेब लागला नाही.
हरवलेल्या टोकनाचे तीस रुपये
माझ्या पगारातून जातात, तो नियम तेरा.
रिकामी क्वार्टर अजून टेबलाखाली आहे,
टाकायला हात होत नाही.
मॅनेजर सोमवारी रजिस्टर तपासतात.
बाटली परत नेल्याची सही: कोरी.
शेऱ्यात मी लिहून ठेवलंय,
गिऱ्हाईक अजून उतरलेलं नाही.