खडबडीत ते उजळ

हेमांगीनं पाठवलेला कागद मी आधी उलटाच धरला.
शुक्राचा नकाशा. वाटलं, नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीचा
कुणी गच्चीवरून फोटो काढलाय :
तोच नारिंगी, तीच वाळत पडलेली दुपार.
"रंग खरा नाही, आत्या," ती फोनवर म्हणाली,
"ढगांतून काही दिसत नाही. रडारनं चाचपून पाहिलंय नुसतं.
खडबडीत ते उजळ, गुळगुळीत ते काळं.
रंग मागाहून भरलाय."

मागाहून रंग भरणं मला कळतं.
तीस वर्षं अस्तर जुळवत मंगळबाजार पालथा घातला,
शुक्र वाटेत लागला नाही कधी.

त्या रात्री लाइट गेली.
गाठोडं सोडून अंधारातच चिंध्या निवडायला बसले.
डोळ्यांना काम नाही, बोटं म्हणतील ते.
टेरिकॉट, सॅटिन, लग्नातलं खोटं रेशीम : इकडे, काळ्यात.
खादी, मांजरपाट,
जिनिंगवाल्या बायांची गोळे आलेली लुगडी,
ज्यांत अजून सरकीची टरफलं टोचतात : तिकडे, उजळात.
लाइट आली तेव्हा पाहिलं,
काळ्यात गुलाबी पडलं होतं, उजळात काळं.
ढीग बदलले नाहीत.

सुपडाबाई टाके घालायला येते.
तिला सांगितलं, ही आपली शुक्राची चांदणी.
आपल्याकडं मे महिन्यात पंचेचाळीस, तिथं चारशे साठ,
रात्रीसुद्धा.
तिनं पदरानं वारा घेतला.
"मग पानी कोठून भरतस?"

चांदणी उलटी फिरते, आणि सावकाश,
एक गिरकी पुरी व्हायला तिला स्वतःचं वर्षही पुरत नाही.
म्हणून कडेकडून आत येणारे धावदोऱ्याचे फेरे
आम्ही डाव्या अंगानं घातले.
मनगट कुरकुरायचं.
एका फेऱ्यात अख्खा कार्तिक गेला.

तिथले खड्डे बायांच्या नावाचे असतात
हे मी तिला उशिरा सांगितलं.
मोठे खड्डे नावाजलेल्या बायांचे.
लहानांना नुसती पाळण्यातली नावं,
कुठल्या कुठल्या देशांतली, कुणा एकीची नाहीत अशी.
सुई थांबली.
"मन्हं नाव शे का तठे?"
हेमांगीनं यादी चाळली. नाही म्हणाली.
दोन मेली, तिसरी जगावी म्हणून
सुपात घालून उकिरड्यापर्यंत ओढत नेली,
ते नाव तिकडं कोण कळवणार?

दुसऱ्या दिवशी तिच्याच लुगड्याच्या काठाचा
आठ आण्याएवढा गोल कातरला
आणि खालच्या अंगाला, जिथं नकाशात काहीच नव्हतं,
तिथं बसवला.
हे शास्त्राला धरून नाही.
हेमांगीला अजून बोललेले नाही.

नकाशात तीन काळ्या पट्ट्या होत्या.
मला वाटलं दऱ्या.
"नाही गं, तिथली माहितीच आली नाही."
आईची एकही साडी माझ्याकडं नाही.
तेराव्यानंतर सगळ्या भांडीवालीला देऊन
आम्ही बहिणींनी एक स्टीलचा डबा घेतला,
पाच साड्यांना एक, वर घासाघीस करून.
झाकण घट्ट बसतं.
तीन पट्ट्या तशाच ठेवल्या :
वर कापड, खाली कापड, मधे थर नाही, टाका नाही.
हात फिरवला की बोट तिथं खाली जातं.

गोधडी झाली तेव्हा तोरणमाळकडून थंडी उतरली होती.
हेमांगी म्हणाली, भिंतीवर लाव, लोक बघायला येतील.
खिळा कुठं ठोकावा ते मी बघत होते,
तोवर सुपडाबाई गोधडीवर आडवी झालेली,
डोळे मिटून,
एका हातानं आपला खड्डा चाचपत.
पटकन सापडेना.
"थोडं डावीकडं," मी म्हटलं.