दोन थरथरींच्या मधलं वजन

फेब्रुवारीत तुहका व्याली,
सॉनाच्या बाहेरच्या खोलीत,
जिथे आम्ही एरवी टॉवेल आणि बर्चच्या जुड्या टांगतो.
सात.

कालियो म्हणाला, नाव ठेवायचं नाही एकालाही.
नाव ठेवलं की हात सुटत नाही.
(एरवी नावं ठेवण्यात त्याला कोणी हरवू शकत नाही:
माझ्या पावाला, मंत्र्यांना, फेरीबोटीच्या वेळापत्रकाला.)

मग मी लोकरीच्या टोपलीतले उरलेसुरले तुकडे घेतले
आणि सैल गाठी मारल्या:
लाल, निळा, पिवळा, हिरवा, राखाडी,
आणि कालियोच्या न झालेल्या स्वेटरचा तपकिरी.
सातव्याची मान इतकी बारीक
की दोराही त्याला ओझं झाला असता.
ते बिनदोऱ्याचं, म्हणून लगेच ओळखू यायचं.

काळ्या पावाचं पीठ मी ज्या काट्यावर मोजते
त्याच्या ताटलीत रोज सकाळी एकेक.
काटा कधी थांबत नाही.
पिल्लू श्वास घेतं, काटा हलतो.
जांभई देतं, काटा हलतो.
दोन थरथरींच्या मध्ये जे दिसेल ते लिहायचं,
गेल्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पाठीवर:
लाल ३४०. निळा ३१०.
बिनदोऱ्याचं १९०.
१९०.
१८५.

चौथ्या रात्री कालियोने त्याला सदऱ्याच्या आत घेतलं
आणि चुलीपाशी बसून राहिला,
ड्रॉपरने एकेक थेंब, तोंडाने काहीतरी पुटपुटत.
मी विचारलं नाही, काय म्हणून हाक मारतोयस.
पहाटे त्या एकासाठी काटा थांबला.

जमीन दोन हात गोठलेली.
कुदळ घंटेसारखी वाजली आणि उलटून आली.
रबरी बुटांच्या रिकाम्या खोक्यात घालून
आम्ही त्याला लाकडांच्या खोपीत वरच्या फळीवर ठेवलं,
बर्फ वितळेपर्यंत.

बाकीच्यांना कसला सुतक!
डोळे उघडले, दात आले,
रस्त्यावरचं मीठ चिकटलेले आमचे बूट चाटून झाले,
मग बूटच खाऊन झाले.
वर्तमानपत्रं वाचायच्या आधीच ओली.
तुहका सॉनाच्या सगळ्यात वरच्या बाकावर चढायची
आणि माहेरी आल्यासारखी पाय पसरून
खालचा गोंधळ दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा बघायची.
सातव्या आठवड्यात तिने त्यांना दात दाखवले.
मला तेवढं जमलं नाही.

मग माणसं येऊ लागली, फेरीबोटीतून.
टालिनहून एकजण, पांढऱ्या गाडीचा:
केस गळतात का? किती मोठं होईल?
त्याला कॉफी पाजली, केक दिला,
आणि हात हलवत परत पाठवला.
कुरेस्सारेच्या इस्पितळातली रात्रपाळीची नर्स, मेएली,
निळ्याला मांडीवर घेऊन बसली ती बसलीच.
म्हणाली, मी दिवसा झोपते,
याला चालेल ना, ते विचारायचं राहिलं.
दोन म्हातारे भाऊ आले,
एकाच घराच्या दोन दारांत राहणारे,
अकरा वर्षं एकमेकांशी अबोला.
दोघे मिळून हिरव्याला घेऊन गेले.
वाडगे दोन ठेवू, म्हणाले
(म्हणजे एक म्हणाला, दुसऱ्याने मान हलवली).

राखाडी शेवटचा गेला, एप्रिलच्या मध्यावर.
गाडीच्या मागच्या काचेत त्याचं तोंड नव्हतंच,
तो आधीच कुठलीतरी दोरी चावत होता.

त्या संध्याकाळी कालियो खोपीत गेला.
मी खिडकीतून पाहिलं नाही असं म्हणू या.
जुनिपरच्या झुडपामागे माती आता हात देत होती.
आत येऊन त्याने खूप वेळ हात धुतले,
मग म्हणाला, पाणी गार आहे.

आज पाव करायला घेतला.
ताटलीत पीठ ओतलं, काटा सरळ जाऊन थांबला.
तरी मी वाट पाहत उभी,
हातात पेन्सिल.

तेवढ्यात फोन. थोरल्या भावाचा, की धाकट्याचा:
हिरव्याने माझी टोपी खाल्ली.
मागून दुसरा आवाज ओरडला:
टोपी माझी होती!