हॅरिगन विभाग

कॅनडा कॉर्नरला, पडद्यांच्या दुकानाच्या डोक्यावर
आमचं ऑफिस होतं, सहा कॉम्प्युटरचं.
कॅनडाशी संबंध एवढाच की कधीकधी खोकी तिकडून यायची.
कॉर्नरला हे नाव कुणी दिलं
ते रिक्षावाल्यांनाही सांगता येत नसे.

एका खोक्यात एक मेलेला विभाग होता,
बर्फावरच्या हॉकीचा. हॅरिगन विभाग.
पाच संघ, एकोणीस मोसम,
झेरॉक्सची झेरॉक्स, आठाचा तीन करणारी शाई.
ओळीला अकरा पैसे.
चूक सापडली की पंचवीस कापायचे.

सामने, विजय, पराभव, बरोबरी, गुण.
मी बर्फ पाहिलेला तो भुशातला,
भद्रकालीत, पोत्याखाली घामेजलेला.
त्यावर माणसं पायांना पाती बांधून पळतात
हे पगारेनं समजावलं
टेबलाच्या काचेवर खोडरबर सरकवून.
खोडरबर गायधनी सरांच्या चहात गेलं.
आमच्या ऑफिसातला तो पहिला गोल.

हॅरिगन कोण, ते खोक्यात नव्हतं.
मालक असेल, किंवा
ज्यानं बर्फाखाली पाइप टाकले तो.
सहाव्या मोसमात ड्युशेन नावाचा गोलरक्षक
सलग अठ्ठावन्न सामने उभा आहे.
पुढच्या पानावर नाही.
कारणाचा रकानाच नव्हता.
जेवणाच्या सुट्टीत मी उरलेली पानं चाळली,
डबा तसाच घरी गेला.

अकराव्यात, तळ्यांच्या गावचा संघ
उचलून वाळवंटात नेला.
नाव तेच ठेवलं: तळेकर म्हणू या त्यांना.
आमच्या गल्लीतल्या निमसेकाकांचा कारखाना
सातपूरहून सिल्वासाला गेला
तेव्हा पाटीसुद्धा ट्रकमध्ये चढली,
'नाशिक' या शब्दासकट.
काका नाही चढले. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

चौदाव्या मोसमात बरोबरी बंद झाली.
आता जास्तीचा वेळ, त्यानंतर एकेकाची झुंज,
कुणीतरी हरलंच पाहिजे.
मी विचारलं, सर, इथे शून्य भरू की रिकामं ठेवू?
सर चष्मा पुसत म्हणाले,
शून्य म्हणजे झाली नाही.
रिकामं म्हणजे होऊच शकत नाही.
रिकामं ठेव.
पगारेला ओळीला बारा पैसे मिळत.
हे मला त्याच आठवड्यात कळलं होतं.
ठेवलं रिकामं.

त्या जानेवारीत निफाडचा पारा खाली खाली गेला.
पगारे तिकडचा, उगावचा.
रात्रभर द्राक्षबागेत शेकोट्या राखून
सकाळच्या एसटीनं आला, डोळे लाल,
स्वेटरला धुराचा वास,
आणि माझ्या कीबोर्डशेजारी डबा उघडला.
जीपच्या बॉनेटवर दव गोठलेलं,
पापुद्रा निघाला अख्खा, म्हणाला,
चांदोरीपर्यंत होता, आईशपथ.
डब्यात दोन चमचे पाणी
आणि गवताची एक काडी.
आम्ही दोघं बघत राहिलो.
सरांनी बघून विचारलं, हे काय?
पगारे म्हणाला, हॅरिगन.

एकोणिसाव्या मोसमाखाली एक तारा होता.
तळटीप: विभाग बरखास्त.
उरलेले संघ मध्य आणि वायव्य यांत वाटले.
माणसांची नावं जाऊन दिशा आल्या.
सोयीचंच ते. दिशेचा मुलगा
कधी येऊन विचारणार नाही
की वडिलांचं नाव का काढलंत.

सीडी कुरियरनं गेली.
उन्हाळ्यात पडद्यांच्या दुकानानं वरचा मजला घेतला.
पगारे गावी परतला म्हणतात,
गायधनी सर एलआयसीच्या पॉलिसी विकत
एकदा महात्मानगरला दिसले.

जाण्याआधी, शेवटच्या मोसमात,
तळेकरांच्या ओळीत,
बरोबरीच्या रिकाम्या घरात
मी एक भरला.

तो तिथेच असेल.
पंचवीस पैसे अजून कुणी कापलेले नाहीत.