देवरेबाईंसाठी, चावीसोबत

देवरेबाई,
दोन्ही कुलपांची चावी एकच. गिझर लवकर तापतो.
आतल्या खोल्यांत शहाबादी आहे, ती कशीही धुवा.
पुढच्या खोलीचं मात्र लिहून ठेवतो.

ती जमीन सागाची.
देवळाली कॅम्पात एक बंगला पाडला, तेव्हा
टेम्पोत भरून आणल्या दोनशे चौदा फळ्या,
प्रत्येकीच्या पाठीवर खडूने आकडा.
सुतार म्हणाला, एवढ्यात अख्ख्या घराला
चकचकीत टाइल बसेल, काका.
हेमलता म्हणाली, बसेल.
पण बसवायची नाही.

बादली आत नेऊ नका.
हे रखमा भोयेनं शिकवलं. कामाला यायची, पेठकडची.
पहिल्याच दिवशी उकिडवी बसली,
नखाने रेषा चाचपली, म्हणाली,
हा आमच्याकडचा नाही.
आणि मग,
पाणी कशाला पाजता याला? आता झाड थोडंच आहे.
फडकं ओलं नको, ओलसर.
पिळा. थेंब पडायचा थांबला की अजून एकदा पिळा.
आणि पुसायचं रेषेच्या दिशेने,
आडवं नाही.

गंगापूर रोडची धूळ दिसते मऊ, पण ओरखडते.
पायपुसणं दाराबाहेरच असू द्या.
मिसळीची तर्री सांडली तर घासू नका,
घासलं की आत शिरते.
मूठभर बेसन टाका, पेपर वाचा, मग झाडा.
खुर्च्यांच्या पायांना जुन्या घोंगडीचे तुकडे लावलेत,
संक्रांतीला बदलायचे.
डिसेंबरात फळ्या आखडतात,
फटीत रुपयाचं नाणं उभं राहतं. भरायला जाऊ नका.
आषाढात त्या आपणहून जवळ येतात,
इतक्या, की दार अडतं.

तेल जवसाचं, रविवार कारंज्यावर मिळेल.
वर्षातून एकदा, दिवाळीआधी.
एवढं मात्र विसरू नका:
तेलाचा बोळा चुरगळून कोपऱ्यात टाकायचा नाही.
तो आतल्या आत तापतो,
कुणी काडी न लावता रात्री पेट घेतो.
गॅलरीत पसरून वाळवा, चिमटा लावून.
मला हे उशिरा कळलं.

चार भिंतींपाशी चार खळगे दिसतील, खोल.
ते आमचे नव्हेत.
सुताराने आकडे पाळले नाहीत,
म्हणून एकाच कशाचे तरी चार पाय
खोलीभर पांगले.
पियानो, असं ती म्हणायची. मी म्हणायचो लोखंडी पलंग.
पैज अजून तशीच आहे.

आणि पलंगापासून खिडकीपर्यंत
काळ्या ठिपक्यांच्या दोन ओळी.
वॉकरच्या रबराच्या. अकरा महिने.
बुचं मऊच घेतली होती, तरी उठल्या.
मी तिला म्हणालो होतो,
उचलून टाक गं, फरफटू नकोस.
असं म्हणालो होतो मी.
जमिनीसाठी.

टर्पेंटाइनने निघतात.
पलंगाकडून सुरुवात केली मी, अर्ध्यावर बाटली संपली,
असं मुलाला सांगितलंय.
बाटली माळ्यावर आहे, डावीकडे, भरलेली.
तुम्ही काढा. राहणार तुम्ही आहात.
रेषेच्या दिशेने.
निघाले की कळवू नका.
भाडं पाच तारखेपर्यंत पाठवा,
तेवढं पुरे.