चार-आठ

तर्नाते बेटावर डावं-उजवं कुणी फारसं म्हणत नाही.
मध्ये डोंगर, भोवती समुद्र.
मीठ तुझ्या डोंगराकडच्या हाताला,
चप्पल दाराच्या समुद्राकडे.
म्हणून दातांच्या दवाखान्यात नोकरीला लागले
तेव्हा तोंडाचा नकाशा मला परका वाटला नाही.

डॉक्टर नुरहिक्मा मकासारच्या.
आरसा आत धरून त्या बोलतात, मी तक्ता भरते:
मेसिअल, डिस्टल, बकल, लिंग्वल.
खुर्चीतला माणूस छताकडे बघत घाबरतो,
एवढी नावं म्हणजे एवढे रोग.
मी हळूच सांगते, रोग नाहीत, पत्ते आहेत.
पुढच्या दोन दातांच्या फटीतून एक रेषा जाते.
रेषेकडचं ते मेसिअल, तिच्याकडे पाठ केलेलं डिस्टल,
गालाकडचं बकल, जिभेकडचं लिंग्वल.
जीभ म्हणजे समुद्र समजा, एक क्षण गप्प नसते.
गाल डोंगर.
"पण मग समुद्र मध्ये आणि डोंगर भोवती?"
एका पोराने विचारलं होतं, गाल सुजलेला असताना.
हो रे बाबा. उलटं घातलेलं बेट.

आज रुगाया आलीय.
लवंगा खुडून बोटं काळवंडलेली,
चार दिवस दाढेखाली लवंगच धरून बसलेली.
दातावर मारायला पैसा नाही, आणि औषध मात्र दाराशी वाळतंय.
तोंड उघडलं तसा खोलीभर
हंगामातल्या रस्त्याचा वास पसरला.

"तीन-सहा, ऑक्लूजल, कीड."
ऑक्लूजल म्हणजे चावायची बाजू, मी सांगते,
जिथे भात भेटतो.
"खाली पुढे टार्टर."
त्याला आमच्यात दातांचं प्रवाळ म्हणतात.
रुगाया हसते, आ वासून हसता येतं तेवढं.
नवऱ्याच्या होडीचा तळ ती दर वर्षी खरवडायची,
तो असेपर्यंत.

"चार-आठ," डॉक्टर म्हणतात, आणि थांबतात.
अठ्ठेचाळीस नव्हे.
चार म्हणजे तोंडाचा चौथा पाव,
आठ म्हणजे रेषेपासून आठवं, गल्लीतलं शेवटचं घर.
"इम्पॅक्टेड. मेसिअल बाजूला कललेली."

कुठे कुठे हिला अक्कलदाढ म्हणतात म्हणे.
आमच्या भाषेत ती शेंडेफळ.
सगळ्यांच्या मागून येते,
तोवर घरात चटई पसरायला जागा उरलेली नसते.
मी बोलून गेले:
रुगाया, तुझं शेंडेफळ आडवं झोपलंय,
डोकं शेजारणीच्या कुशीत खुपसून.
आणि जीभ चावली.
तिचा धाकटा, इक्राम, हाल्माहेराला निकेलच्या खाणीवर गेला
तो सहा जण झोपायच्या एका खोलीतूनच.
ईदलाही नुसता फोन.

ती काही बोलली नाही, तोंडात आरसा होता.
आरसा निघाल्यावर म्हणाली,
"दुखतं ते त्याला, का शेजारणीला?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.
मी प्रश्न त्यांच्या भाषेत नेला, उत्तर तिच्या भाषेत आणलं:
"शेजारणीला. चार-सात, डिस्टल.
हिच्या रेलण्याने तिला कीड लागलीय.
पण कळ कानात जाते, डोक्यात जाते.
त्याला रेफर्ड पेन म्हणतात.
जखम एका घरी, रडणं दुसऱ्या."
रुगायाने मान हलवली.
नवं काही ऐकल्यासारखी नाही.

काढावी लागेल, म्हटलं. इंजेक्शन, दोन-तीन टाके.
"लवंगांचा हंगाम संपू दे," ती म्हणाली.
सगळे हेच म्हणतात.

तक्त्यात प्रत्येक गोष्टीला खूण आहे.
गेलेल्या दातावर फुली, भरलेल्यावर काळा ठिपका.
आहे, पण आलेला नाही, त्यालाही खूण असते.
ती मी काढली, जरा जास्तच जपून.

बाहेर ती पायाने चपला चाचपत होती.
"समुद्राकडे," मी खिडकीतून ओरडले.
"समुद्राकडे आहेत."