किल्ली उखर्डूकडे

देऊळ आठशे वर्षांचं, असं पाटीवर लिहिलंय.
पाटी सहा वर्षांची, आत्ताच गंजलेली.
कुलूप पंचायतीचं; मीच आणलं
शिरपूरच्या बाजारातून, एकशे चाळीसला.
पावती दप्तरात आहे.

किल्ली उखर्डू सपकाळेकडे,
आणि उखर्डू दिवसभर डांगरवाडीत, पात्रात खाली.
म्हणून आमच्या गावात देव बघायचा
तर आधी तापीत उतरावं लागतं.

गुडरुनबाई उतरल्या. बूट हातात, गाळ पोटऱ्यांपर्यंत.
दुभाष्या पोरगा अर्धं सांगत होता,
अर्धं डांगरासोबत गिळत होता:
यांच्याही गावाला नदी आहे,
चारशे उंबरे, एक पंचायत,
आणि एक चर्च, आपल्या देवळाच्याच वयाचं.
रविवारी पाच म्हाताऱ्या.
पाद्री तीन गावांत मिळून एक.
किल्ली पाववाल्याकडे.

उखर्डू तेव्हा पहिल्यांदा हसला.
"पाववालाले पगार कितला?"

आत वटवाघळांचा वास,
हळद लावून लावून नाक-डोळे गेलेली एक दगडी बाई.
त्यांनी टेप लावला, वहीत चौकोन काढले,
शिखर नसल्याचं मला वाईट वाटलं,
जसं पाहुण्यांसमोर फुटका कप.

मग उखर्डूने खांबावरची रेघ दाखवली,
त्याच्या बापाने विळ्याने ओढलेली, लग्नाच्या वर्षी.
"आठलगून उनं व्हतं पानी."
हे पोराने सांगायच्या आधीच
बाईंचा तळवा रेघेवर होता.
त्यांच्या चर्चच्या दाराशी अशाच सात रेघा.
सगळ्यात वरची त्यांच्या डोक्याच्या वर; कुणाच्या हातची, कुणाला ठाऊक नाही.
बराच वेळ कुणी काही मोजलं नाही.

दिवाळीनंतर पाकीट आलं.
फोटो: दगडी चौकट, सात रेघा,
खालच्या रेघेशी एका मुलीचं बोट.
आवक क्रमांक चारशे सतरा.
विषयाच्या रकान्यात काय लिहावं कळेना,
मी लिहिलं: पाण्याबाबत.

उखर्डूने फोटो नेला.
आता तो वाडीतल्या झोपडीच्या मेढीला आहे,
त्याच खिळ्याला किल्ली.

दर आषाढात झोपडी नदी घेऊन जाते.
तेव्हा किल्ली कुठे असते
हे मी अजून विचारलेलं नाही.